आसनाची पाठ मागे घेताना

जालना जिल्ह्यातून परगावी जाणाऱ्या उतारूच्या बैठकीत गेल्या काही वर्षांत जो पालट झाला आहे, त्याचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही. निजामाच्या अमदानीत मनमाड-हैदराबाद मार्गावर मीटरगेजचे रूळ पडले, तेव्हापासून पुढे अनेक दशके जालन्याचा, बदनापूरचा किंवा परतूरचा माणूस ज्या बाकावर बसून प्रवास करीत असे, त्या बाकाची पाठ कारखान्यात ज्या कोनात बसवली गेली त्याच कोनात अखेरपर्यंत राही, एस. टी.च्या साध्या गाडीतही याहून वेगळी स्थिती नव्हती. पुढच्या उतारूने पाठ मागे घेतली आणि मागच्याचे गुडघे अडकले, ही तक्रार त्या काळी संभवतच नव्हती, आणि म्हणून तिच्यासाठी कोणताही रिवाज पडला नाही. आता ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुरू झाली, ऑगस्ट २०२५ पासून तीच गाडी नांदेडहून सुटून जालन्यावरून जाऊ लागली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्याने रात्रीच्या आरामगाड्यांची वर्दळ वाढली. आणि जालन्यापासून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या चिकलठाण्याच्या विमानतळावरून पोलादाचे कारखानदार, बियाण्यांच्या धंद्यातील अधिकारी, परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे निघालेले वृद्ध आईबाप असे नाना प्रकारचे लोक विमानात बसू लागले. या तिन्ही वाहनांत हाताशी एक बटण किंवा दांडी असते. ती दाबली की आसनाची पाठ मागे झुकते. आणि ज्या क्षणी ती झुकते त्या क्षणी, आपल्याला दिसत नसलेल्या एका माणसाच्या पुढ्यातील जागा तितकीच कमी होते.

ही बाब क्षुल्लक आहे असे मला वाटत नाही. ज्याने पहिल्यांदाच विमानाचे तिकीट काढले आहे, त्याला पंधरा तासांच्या प्रवासात सर्वाधिक क्लेश कशाचे होत असतील तर ते बहुधा या चार बोटे जागेचे होतात. आणि ज्याचे त्याबद्दल भांडण होते, त्याला त्या भांडणाची चव गंतव्य स्थानी पोहोचल्यावरही पुरते.

आपल्या देशात प्रवासी जागेच्या वाटणीसंबंधी एक रिवाज मात्र फार जुना आहे, आणि तो पुढे लेखी नियमातही आला आहे. रेल्वेच्या शयनयानातील मधला बर्थ कोणत्या वेळी उघडावा, या प्रश्नावर पिढ्यानपिढ्या वाद होत आले. खालच्या बर्थवाल्याला बसायचे असते, मधल्याला आडवे व्हायचे असते, आणि दोघांनीही पैसे मोजलेले असतात. रेल्वे बोर्डाने ऑगस्ट २०१७ मध्ये परिपत्रक काढून झोपेची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी ठरवून दिली. उरलेल्या वेळेत ती जागा बसण्यासाठी सर्वांची समजावी असे सांगितले. आणि त्याचबरोबर आजारी, दिव्यांग व गरोदर स्त्री प्रवाशांना ठरलेल्या वेळेपलीकडे झोपायचे असल्यास इतरांनी सहकार्य करावे, अशी विनंतीही केली. या लहानशा परिपत्रकात तीन तत्त्वे आहेत. हक्काला वेळेची मर्यादा असते, जागेची मालकी वेळेनुसार बदलते, आणि गरज मोठी असेल तेथे मर्यादा सैल होते. विमानातील आसनाच्या पाठीसंबंधी इतका स्पष्ट हुकूम कोणत्याही कंपनीने काढलेला माझ्या पाहण्यात नाही. उड्डाण, उतरण आणि भोजन एवढे प्रसंग सोडले, तर बाकीचा सारा व्यवहार उतारूंच्या समजुतीवर सोडलेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे की, मधल्या बर्थचा जो दस्तूर आपल्या अंगवळणी पडलेला आहे, तोच आपण विमानात न्यावा; तो परका नाही, आपण तो मनमाडच्या फलाटावरून मुंबईपर्यंत किती तरी वेळा पाळलेला आहे.

पाठ मागे घेण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, बटण माझ्या हाताशी दिले आहे, अर्थात पाठीमागची ती जागा माझ्या तिकिटात धरलेली आहे. दुसरा पक्ष म्हणतो, माझ्या गुडघ्यांपुढची जागा मी विकत घेतली आहे, तिच्यात कोणी शिरकाव करू नये. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा वाद मुळीच नवा वाटू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वये शेजाऱ्याच्या बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेचा अर्ज तहसीलदारापुढे येतो, तेव्हा जमीन कोणाच्या नावावर आहे एवढेच पाहून तो निकाली निघत नाही. अर्जदाराला आपल्या शेतात पोहोचण्यासाठी वाजवी वाटेची कितपत गरज आहे हे पाहिले जाते, आणि गरजेपुरती वाट मिळते. आसनाच्या पाठीचेही तसेच आहे. मागे घेण्याची मुभा आहेच. ती नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु ती मुभा गरजेपुरती आहे, आणि तिचा उपभोग ज्याच्या हद्दीतून होतो त्याला इशारा देऊन व्हावा.

गरज आहे हे आधी मान्य केले पाहिजे. ताठ बसलेल्या माणसाच्या कमरेच्या मणक्यांमधील चकत्यांवर जो भार पडतो, तो पाठ काही अंशांनी कलली की कमी होतो. म्हणून चार-सहा तास ताठ बसून कंबर धरते आणि थोडे कलल्याबरोबर आराम पडतो, यात लाडावलेपणा काही नाही. ज्याला पाठीचा जुना विकार आहे, त्याला तर पाठ मागे घेतल्याशिवाय इलाजच नसतो. मात्र विमानाच्या सामान्य वर्गात एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर साधारणतः २८ ते ३२ इंच असते. त्यातून आसनाची स्वतःची जाडी वजा करावी, मग जे उरते त्यात एका सज्ञान माणसाच्या मांड्या, गुडघे, पायांशी ठेवलेली पिशवी आणि जेवणाचा ट्रे एवढे सारे मावावे लागते. पाठीचे वरचे टोक दोन ते चार इंच मागे येते. उंच माणसाला ते गुडघ्यांवर लागते, बुटक्या माणसाला ते डोळ्यांपुढे येते, आणि ज्याने ट्रेवर संगणक उघडला आहे त्याच्या संगणकाचा पडदा पुढच्या आसनाच्या खाचेत सापडून तुटण्याचा धोका असतो. म्हणजे पुढच्याचा लाभ आणि मागच्याची हानी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतील एकही कल्पित नाही.

आता प्रत्यक्ष कसे वागावे ते सांगतो.

सर्वप्रथम प्रवासाची लांबी पाहावी. चिकलठाण्याहून मुंबईला विमान तासाभरात पोहोचते. त्यातील चढण्या-उतरण्याची वेळ वजा केली, तर पाठ मागे घेण्यास अर्धा तासही धड मिळत नाही. एवढ्या अवधीसाठी, कमरेचे दुखणे नसेल तर, पाठ सरळच ठेवावी. हे मी आग्रहाने सांगतो. दिल्लीच्या प्रवासात थोडी मागे घेण्यास हरकत नसावी. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सलग पंधरा-सोळा तासांचा जो प्रवास असतो, त्यात मात्र रात्र होते, दिवे मंद केले जातात, सर्वांनाच झोपायचे असते. तेथे पाठ मागे घेणे हा निर्विवाद हक्क समजावा, आणि मागे बसलेल्यानेही तो तसाच समजून आपली पाठ मागे घ्यावी. मधल्या बर्थची रात्री दहाची मर्यादा येथे उपयोगी पडते. दिवे मंद झाले म्हणजे दहा वाजले असे मानावे. जेवणाचे ताट पुढ्यात आले किंवा खिडक्यांची झापडे उघडली गेली, की सकाळचे सहा वाजले असे मानावे.

दुसरे, मागे घेण्यापूर्वी मान वळवून पाहावे. ही एक क्रिया इतकी साधी आहे आणि तिचे फळ इतके मोठे आहे की, उरलेला सारा लेख विसरला तरी चालेल, पण ही विसरू नये. मागे कोण आहे? मांडीवर तान्हे मूल घेतलेली आई आहे काय? गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, पाय पूर्ण न वाकणारे आजोबा आहेत काय? कोणाच्या ट्रेवर चहाचा कढत पेला आहे काय? पाहून झाले म्हणजे बोलावे. आपल्याकडे अनोळखी माणसालाही नात्याने हाक मारण्याची जी रीत आहे, ती येथे फार कामाची आहे: "काका, सीट जरा मागे घेऊ का? तुमच्या पायांना लागणार नाही ना?" वा "ताई, तुमचा चहा झाला की मी थोडं मागे होतो." मागचा माणूस मराठी जाणत नसेल तर हिंदीत बोलावे, तेही त्याला कळत नसेल तर तळहाताने मागे कलण्याची खूण करून त्याच्याकडे पाहावे, ही खूण जगातील कोणत्याही देशाच्या माणसाला समजते. परवानगी मागितल्याने हक्क कमी होत नाही. विचारलेल्या माणसांपैकी फारच थोडे नकार देतात, आणि न विचारता ज्याच्या गुडघ्यांवर पाठ आदळली तो माणूस पुढचा सारा प्रवास आपल्या पाठीशी वैर धरून बसतो.

तिसरे, बटण दाबल्यावर पाठीला अंगाचा एकदम रेटा देऊ नये. आतली कळ सुटली की पाठ सहज मागे जाते; म्हणून पाठीवर भार हळूहळू टाकावा, मध्येच बटण सोडले की ती तेथेच थांबते. निम्मी पाठ मागे घेता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. पूर्ण सरळ किंवा पूर्ण कलती अशा दोनच अवस्था आहेत अशी समजूत करून घेतल्यामुळे कित्येक तंटे उद्भवतात. वस्तुतः दीड-दोन इंचांत कंबर सुखावते आणि मागच्याचे गुडघेही सुटतात.

जेवणाच्या वेळी पाठ सरळ करावी. हवाईसुंदरीने येऊन सांगण्याची वाट पाहू नये. आपल्याला जेवायचे नसले तरी मागच्याला जेवायचे असते, आणि कलत्या पाठीखाली वरणभाताची वाटी तोंडापर्यंत नेणे वृद्ध माणसाला किती अवघड जाते, ते एकदा त्या जागी बसून पाहिल्यावाचून कळत नाही.

उड्डाण आणि उतरण या प्रसंगी मात्र विनंतीचा प्रश्न नसतो; तेथे कायद्याचा अंमल असतो. विमान धावपट्टीकडे जाताना, चढताना आणि उतरताना पाठ पूर्ण सरळ, ट्रे मिटलेला आणि पट्टा बांधलेला असलाच पाहिजे. हा हुकूम शिस्तीच्या हौसेतून निघालेला नाही. नव्या बनावटीच्या मोठ्या विमानाला परवाना मिळण्यापूर्वी, निम्मीच दारे वापरून, भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करून दाखवावे लागते. अपघात झालाच तर तो बहुधा जमिनीलगतच्या या काही मिनिटांत होतो. त्या वेळी खिडकीजवळच्या माणसाला मधल्या वाटेपर्यंत यायचे असते, आणि कललेल्या पाठीमुळे त्याची वाट अडते. म्हणून त्या वेळी डुलकी लागलेल्या शेजाऱ्याला हलकेच जागे करणे हेही सौजन्यच होय.

काही ओळींतील आसने मागे जातच नाहीत, हेही जाणून असावे. संकटकालीन दाराच्या लगत पुढे असलेली ओळ, आणि बहुतेक विमानांत भिंतीला टेकलेली सर्वांत शेवटची ओळ, यांची पाठ स्थिर ठेवलेली असते. कारण पहिलीने वाट अडेल आणि दुसरीच्या मागे जागाच नाही. युरोपातील रायनएअरसारख्या काही कंपन्यांनी तर सगळीच आसने न कलणारी बसवली आहेत. ज्या कुटुंबात वृद्ध माणूस लांबच्या प्रवासाला निघणार असेल, त्या कुटुंबाने तिकीट काढतानाच शेवटची ओळ टाळावी. गुडघ्यांचा त्रास असेल तर मधल्या वाटेलगतचे आसन घ्यावे, म्हणजे एक पाय अधूनमधून वाटेकडे लांबवता येतो. शेवटच्या ओळीच्या पुढच्या ओळीत जो बसला आहे, त्याच्यावर माझ्या मते अधिक जबाबदारी आहे. कारण इतर सर्वांना पुढच्याने मागे घेतले तर आपणही मागे घेऊन जागा भरून काढता येते, आणि शेवटच्या ओळीतील माणसाला तो मार्ग नसतो.

मागे बसणाऱ्याचीही काही कर्तव्ये आहेत, आणि ती सांगितली नाहीत तर हा लेख एकांगी होईल. उठताना पुढच्या आसनाची पाठ धरून स्वतःला ओढून घेण्याची सवय आपल्याकडे, विशेषतः वयस्कर मंडळींत, फार आहे. त्या हिसक्याने पुढे झोपलेला माणूस दचकून जागा होतो. आपल्या आसनाच्या हातांवर भार देऊन उठावे. तेवढे बळ नसेल तर शेजाऱ्याचा आधार मागावा, तो आनंदाने मिळतो. पुढच्याची पाठ आपल्याला लागत असेल तर गुडघ्याने टोचून ते कळवू नये. तोंडाने सांगावे: "भाऊ, माझा पाय वाकत नाही, थोडी पुढे घेता का?" पुढच्याला आपले दुखणे दिसत नाही, ते सांगेपर्यंत तो निर्दोष आहे. तरीही न जुळल्यास डोक्यावरचे बटण दाबून कर्मचाऱ्याला बोलवावे, रिकामी जागा असल्यास बदलून मागावी, आणि त्याने जी तजवीज केली ती मानावी.

पुढच्याची पाठ परस्पर अडवून धरण्याचा मार्ग मात्र सर्वथा त्याज्य आहे. अमेरिकेत २००३ साली एका गृहस्थाने 'नी डिफेंडर' नावाचे प्लास्टिकचे दोन लहान ठोकळे विक्रीस आणले होते. ते ट्रेच्या दांड्यांत अडकवले की पुढची पाठ हलत नसे. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका उतारूने ते लावले, कर्मचाऱ्याने सांगूनही काढले नाहीत, पुढच्या बाईंनी त्याच्या अंगावर पाणी फेकले, आणि अखेर ते विमान शिकागोला उतरवून दोघांनाही खाली काढावे लागले. त्या विमानात ज्यांचा या तंट्याशी काडीचा संबंध नव्हता, असे सारे उतारूही त्या दोघांपायी खोळंबले. दोन माणसांनी एकमेकांशी एक वाक्य बोलण्याऐवजी वस्तूंच्या द्वारे बोलण्याचे ठरवले म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

वंदे भारत गाडीसंबंधी थोडे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांचा कलत्या आसनाशी पहिला परिचय तेथेच होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये रेल्वेने या गाड्यांत ज्या सुधारणा जाहीर केल्या, त्यांत आसन कलण्याचा कोन १७.३१ अंशांवरून १९.३७ अंशांवर नेल्याचा उल्लेख होता. म्हणजे सुमारे दोन अंशांच्या वाढीचीही प्रवाशांना मातब्बरी वाटते, हे रेल्वेने ओळखले. चेअरकारमध्ये वाटेच्या एका अंगास तीन व दुसऱ्या अंगास दोन आसने असतात. तिघांच्या ओळीत तिघांनीही एकदम मागे घेतले तर मागच्या तिघांना उठून प्रसाधनगृहाकडे जाणे कठीण होते. खिडकीजवळचा माणूस उठू पाहतो आहे असे दिसताच पाठ क्षणभर पुढे घ्यावी. सकाळच्या गाडीत पुष्कळजण पहाटेच उठून स्थानकावर आलेले असतात, त्यांना झोप अनावर होते, हे खरे; पण थोड्याच वेळात न्याहरी येते, काहीजण घरून बांधून आणलेली भाकरी-चटणी उघडतात, आणि विमानातील भोजनाचा नियम येथेही जसाच्या तसा लागू होतो.

रात्रीच्या बसमध्ये, म्हणजे ज्याला लोक पुशबॅक म्हणतात त्या आसनांच्या गाडीत, पाठ विमानातल्यापेक्षा पुष्कळ अधिक कलते आणि दिवे लवकर मालवले जातात. तेथे दिवे मालवल्यानंतर मागे घेणे सर्वमान्य आहे. एस. टी.ने आपल्या एका गाडीला निमआराम हे नाव दिले, ते मला फार समर्पक वाटते. बसलेल्या माणसाला अर्धाच आराम मिळतो, उरलेला अर्धा त्याच्या मागे बसलेल्याचा असतो. बसमधील दांडी पुष्कळदा गंजून अडकलेली असते. ती दोन्ही पायांच्या जोराने रेटून मोडण्याऐवजी वाहकाला सांगावे, कारण एकदा सुटलेली पाठ पुन्हा उभी राहिली नाही तर मागच्याची रात्रभर कोंडी होते.

परदेशी जाणाऱ्या वृद्धांसंबंधी मुलांना एक सूचना करावीशी वाटते. आईवडिलांना पारपत्र, औषधांच्या गोळ्या, फॉर्म भरण्याची रीत हे सर्व समजावून सांगितले जाते, पण आसनाचे बटण कोठे असते आणि ते कसे वापरावे, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे कित्येक वृद्ध पंधरा तास ताठ बसून राहतात. पुढच्याने पाठ मागे आणली तर ती आपल्या नशिबाची समजतात. आणि आपली पाठ मागे घेण्याचा त्यांना संकोच वाटतो, कारण कोणाला तरी त्रास होईल. घरच्या एखाद्या खुर्चीवर बसवून त्यांना सांगावे की, बटण बहुधा हाताच्या आतल्या किंवा पुढल्या अंगाला असते. ते दाबून धरून टेकावे. आणि पुन्हा सरळ व्हायचे असेल तेव्हा तेच दाबून अंग पुढे घ्यावे, म्हणजे पाठ आपोआप वर येते. त्यांना हेही सांगावे की, पाठ मागे घेतली म्हणून चालण्याची गरज संपत नाही. फार वेळ एकाच स्थितीत बसल्याने पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका असतो. यासाठी तासा-दोन तासांनी उठून वाटेत चार पावले टाकावीत, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. उठण्यासाठी शेजाऱ्याला जागे करावे लागले तर खुशाल करावे. त्यात अपराध मानण्याचे कारण नाही.

उतरण्याची घोषणा झाली की पाठ लगेच सरळ करावी, आणि गाडी असो वा विमान, जागा सोडताना ती सरळच ठेवून उठावे; कारण मागच्या ओळीतील माणसे वाटेत यायची असतात, वरच्या फळीवरून सामान काढायचे असते, आणि दादर किंवा ठाण्याला गाडी थांबते ती फार थोड्या मिनिटांसाठी.